चूलबंद आवतण

३० नोव्हेंबर, रविवार

पोचलो एकदाचे! पुण्याहून सकाळी सहाला निघालो, सोलापूरला पोटोबा केला, तुळजापूरला आईचं दर्शन घेतलं आणि तीनच्या सुमारास जळकोटच्या पुढच्या या शेतातल्या घरी सामान उतरवलं. मोनू गाडीतून उतरल्या उतरल्या शेळ्यांच्या मागे पळाली, ती अजून आत आलेली नाही. आठ वर्षांत ही पोरगी आजच खरी सुटली असं वाटलं.

ही वही मुद्दाम घेतली आहे. एप्रिलपासून वर्षभर परदेशात राहायचं, दोघांनी तिथूनच कंपनीचं काम करायचं, असं आमचं ठरलं आहे. म्हणजे माझं ठरलं आहे. प्रेमचं गेले आठ महिने ‘बघू’ चालू आहे. तिबिलिसी, दा नांग, पेनांग, लिस्बन अशा चार शहरांचा मी तक्ता केला, तो या वहीत चिकटवला आहे. इंटरनेट, शाळा, दवाखाना, शेजार, सुरक्षितता, प्रत्येकाला दहापैकी गुण. नवऱ्याने तो तक्ता चार वेळा वाचला आणि चारही वेळा म्हणाला, सगळीच छान आहेत. अशा माणसाचं काय लोणचं घालायचं? शेवटी मीच म्हटलं, आधी इथेच कुठेतरी आडरानात दोन महिने राहून बघू. एकमेकांची डोकी न फोडता राहिलो, तर जगात कुठेही राहू.

घर कृष्णराज नावाच्या हैदराबादच्या गृहस्थांचं. चार वर्षांपूर्वी बांधलेलं, पक्कं, गॅस-गिझर सगळं आहे. हायवेच्या कडेने गेलेली फायबरची लाईन त्यांनी शेतातून आत आणली आहे, त्यामुळे नेट पुण्यापेक्षा झकास. हायवे दोन किलोमीटर, मध्ये नुसती ज्वारी. राखणीला बब्रुवानमामा आणि त्यांची बायको नागूबाई, शेताच्या कोपऱ्यात शेळ्या घेऊन राहतात. दोघंही साठीचे. मामा बडबडे, मावशी तोंडातून शब्द काढत नाहीत.

सुरक्षितता: दहापैकी दहा.

४ डिसेंबर, गुरुवार

घडी बसली. मी पुढच्या खोलीत, प्रेम वर, मोनूची ऑनलाइन शाळा स्वयंपाकघरात. दुपारी ती मामांबरोबर शेळ्यांमागे जाते आणि संध्याकाळी कानडी शिव्या शिकून येते. शेजार: नऊ गुण.

एक गुण कापला तो धुरासाठी. मागच्या अंगणात कडुलिंबाखाली एक जुनी दगड-मातीची चूल आहे. एवढं नवं घर बांधलं आणि ही तेवढी ठेवली. नागूबाई सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्यात जाळ करतात, आणि शिजवत मात्र काहीच नाहीत! काटक्या घालायच्या, राखेत निखारा झाकायचा, जायचं. माझ्या मीटिंगच्या वेळी नेमका धूर खिडकीतून आत. मी म्हटलं, मावशी, आम्हाला गॅस आहे, कशाला जळण जाळता? त्या म्हणाल्या, ‘घरची चूल हाय, ताई. इझू द्यायची न्हाय.’ आणि वळून चालू लागल्या. मालकाची माणसं, काय बोलणार! खिडकी लावून घेतली.

१० डिसेंबर, बुधवार

आज एक सुंदर शब्द मिळाला. उमरग्याला बब्रुवानमामांच्या भाचीचं लग्न आहे. मामा सांगत होते की ‘चूलबंद आवतण’ आलं आहे. म्हणजे घरातल्या एकूण एक माणसाला जेवायचं बोलावणं, पोराबाळांपासून म्हाताऱ्यापर्यंत. त्या दिवशी त्या घराची चूल पेटवायचीच नाही. किती मोठ्या मनाची पद्धत! आमच्या सोसायटीत ‘दोघंच या हं’ असं निरोपात लिहून पाठवतात.

गंमत म्हणजे आवतण चूलबंद असून नागूबाई काही गेल्या नाहीत. मामा एकटेच गेले. मी विचारलं, तर म्हणाल्या, घरात एक माणूस मागं ऱ्हावंच लागतं. दिवसभर त्या आमच्या मागच्या चुलीपाशी बसून होत्या. जगात हौशी माणसं कमी नाहीत.

प्रेम आता लिस्बनकडे झुकला आहे. काल दा नांगकडे झुकला होता.

१६ डिसेंबर, मंगळवार

शुक्रवारी येळवस. वेळा अमावस्या म्हणतात ती हीच. या भागातला मोठा सण, अख्खं गाव शेतात जेवतं. मामांनी ज्वारीच्या पेंढ्या उभ्या करून कोप बांधायला घेतली आहे, तंबूसारखी झोपडीच. आत पाच दगडांना चुना लावून मांडायचं, ते पांडव. त्यांना भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा आणि मग पंगत.

दोन आठवडे या माणसांनी मोनूला नातीसारखं सांभाळलं. मला काहीतरी करायचंच होतं. म्हटलं, यंदा सगळा स्वयंपाक माझा. आणि अंगणात उभं राहून, चांगले हात जोडून, नवीन शिकलेला शब्द मिरवला. म्हटलं, शुक्रवारी तुम्हाला आमचं चूलबंद आवतण! या घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्यांनी यायचं, मागे कोणी राहायचं नाही.

नागूबाई मटकन खाली बसल्या. त्यांच्या हातातली पाटी पडली. माघारी घ्या म्हणाल्या, तीन-तीनदा म्हणाल्या, ‘माघारी घ्या ताई, तुमच्या पाया पडते,’ आणि खरोखरच पायांशी आल्या. मला कानकोंडं झालं आणि थोडा रागही आला. दिलेलं आवतण कधी कोणी माघारी घेतं का? करायला गेले गणपती, झाला मारुती.

त्या गेल्यावर मी पाटी उचलत होते, तेव्हा कडुलिंबाकडून एक पुरुषी आवाज आला, ‘येतो की.’ मामा असतील असं वाटून मी वळून हसले. पण मामा तेव्हा शेळ्या घेऊन पार ओढ्यापलीकडे होते.

१९ डिसेंबर, शुक्रवार. येळवस

पहाटे तीनपासून स्वयंपाक. भज्जी इतकी फक्कड झाली की मामा बोटं चाटत राहिले. दुपारी बाराला पंगत मांडली, पण नागूबाईंचा पत्ता नाही. त्या मागे चुलीपाशी बसल्या होत्या, येत नाही म्हणत होत्या. मोनू हिरमुसली. मी म्हटलं, अहो, आवतण चूलबंद आहे ना, मग या चुलीचं काय काम! आणि बादलीभर पाणी घेऊन चुलीत ओतलं.

गंमत म्हणून ओतलं. इथे लिहून ठेवते, गंमत म्हणून.

नागूबाईंनी जी किंकाळी फोडली ती माझ्या अजून कानात आहे. ओल्या राखेत हात घालून त्या निखारा शोधत होत्या, हात भाजले तरी थांबेनात. प्रेमने आणि मामांनी धरून कोपीत आणून बसवलं.

आम्ही पाच जण. पत्रावळ्या मी मांडल्या त्या नऊ. मोनूने मोजल्या तेव्हा लक्षात आलं. मी वाढत गेले, नऊच्या नऊ वाढल्या, आणि कोपीच्या तोंडाशी जाऊन बसले. सगळे आत, मी दारात. मनात एकच चाललं होतं की सगळे आले, आता कोणी राहिलं नाही. इतकं समाधान मला मोनू झाली तेव्हाही वाटलं नव्हतं. शेजारी कुऱ्हाड पडली होती, मामा लाकडं फोडत होते ती. तिच्या दांड्यावर माझा हात होता.

जेवणं झाली. नऊही पत्रावळ्या चाटूनपुसून साफ होत्या.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी मोनू ओरडली म्हणून धावलो. तिची लाडकी पांढरी शेळी गोठ्याच्या दारात पडली होती. मुंडकं एकीकडे, धड एकीकडे. एकाच घावात. तिच्या शेजारी दोन करडं, त्यांचंही तेच. रक्त पार आमच्या पायरीपर्यंत आलेलं. मोनूला उचलून आत आणलं तर ती माझ्याकडे यायला तयार नाही, बाबाच हवा म्हणून हातपाय झाडत होती.

कुऱ्हाड आमच्या सिंकमध्ये होती. भांड्याच्या साबणाने स्वच्छ घासलेली. माझ्या गाऊनच्या बाह्या ओल्या होत्या.

दुपारी बब्रुवानमामांनी सगळं सांगितलं. मालकाने भाडेकऱ्यांना सांगायची मनाई केली होती म्हणे. बावन्न वर्षांपूर्वी हे शेत दोन भावांचं होतं. शरणप्पा थोरला, नागप्पा धाकटा. हे घर जिथे आहे तिथे नागप्पाचं पत्र्याचं घर होतं. वाटणीवरून दोघांत बोलणं बंद होतं. त्या येळवसला शरणप्पाने आपणहून भावाच्या दारात येऊन चूलबंद आवतण दिलं. नागप्पा, त्याची बायको सिताबाई आणि दोन पोरं कोपीत जेवायला बसली. चूलबंद अशासाठी, की मागे कोणी उरू नये. शरणप्पा दारात बसला. वाढून झाल्यावर त्याने कोप पेटवून दिली, आणि जो बाहेर येईल त्याला कुऱ्हाडीने तोडला. पोलीस आले तेव्हा तो आंबील पीत बसला होता. तुरुंगात मरेपर्यंत एकच म्हणायचा, एक राहिली.

कारण नागप्पाची आठ वर्षांची मुलगी तापाने फणफणून घरीच राहिली होती. आईने जाताना तिच्या पेजेसाठी चूल धुमसत ठेवली होती. शरणप्पा तिला आणायला गेला, पण चूल पेटलेल्या घराचा उंबरा त्याला ओलांडवेना. ती मुलगी म्हणजे नागूबाई. तेव्हापासून त्यांनी ती चूल विझू दिली नाही. कृष्णराज शरणप्पाचा नातू. त्याला सगळं ठाऊक आहे.

मामा मला म्हणाले, ‘हितं चूलबंद आवतण द्यायचंच न्हाय, ताई. देणाऱ्याच्या हातात शरणप्पाच शिरतो.’ हे सांगताना ते माझ्यापासून चार हात लांब उभे होते. मला हसायचं होतं. हसू आलं नाही.

प्रेम म्हणाला, उद्या उजाडताच निघू. मीही हो म्हटलं. देवा, मी मनापासून हो म्हटलं होतं.

२१ डिसेंबर, रविवार, सकाळ

गाडीचे चारही टायर चिरलेले. माझा, प्रेमचा आणि मामांचा, तिन्ही फोन आंबिलीच्या मडक्यात सापडले, तळाशी. नेटच्या डब्याचे तुकडे. माझ्या उजव्या तळहातावर दोन फोड आले आहेत, दांड्याचे असतात तसे.

मामा मोटरसायकलवरून हायवेला मदत आणायला निघाले होते. बांधापाशीच पडले आहेत. खांदा फाटला आहे, हाड दिसतं आहे, पण श्वास चालू आहे. नागूबाईंनी लुगडं फाडून बांधलं. शुद्ध गेली त्याआधी मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला आठवत नाही. आईशपथ आठवत नाही. दात घासत होते, तेवढंच आठवतं. मग एकदम बांधावर होते, आणि तोंडाला आंबिलीची चव होती.

सकाळ, साडेनऊ

प्रेमला सांगितलं, मी आहे. मीच आहे. मोनूला घे आणि ज्वारीतून सरळ हायवे गाठ, पहिली एसटी मिळेल ती पकड. मला इथेच कोंडून घाल. तो रडायला लागला. तुला सोडून कसा जाऊ म्हणाला. थोडं थांबू, बघू म्हणाला.

बघू! आयुष्यभर बघूच केलंस रे. आज तरी नको.

मी अंगणातल्या पाट्यावर उजवा हात ठेवला आणि डाव्या हाताने वरवंटा आपटला. दोनदा. बोटांचा चुरा झाला, कुऱ्हाड धरता येणार नाही अशी. वेदनेने ओकले. पण बरं वाटलं, माझा हात माझ्यासाठी दुखला म्हणून. हे डाव्या हाताने लिहिते आहे.

मग प्रेमने मला खताच्या खोलीत घातलं, बाहेरून कडी. वही मागून घेतली.

अकरा

नागूबाई दाराबाहेर येऊन बोलल्या. पहिल्यांदाच इतकं बोलल्या. मागच्या चुलीचे दगड उचलून त्यांनी स्वयंपाकघरात मांडलेत, जाळ केलाय. मोनूला तिथे बसवलंय, लोखंडी दाराला आतून अडसर. चूल जळतेय तोवर आवतण पुरं होत नाही, तोवर तिला कोणी हात लावू शकत नाही, जशी त्या वाचल्या तशीच ती वाचेल. त्या स्वतः हायवेवरून पायी जळकोटला चालल्या आहेत, माणसं आणायला. प्रेम मामांजवळ बसेल. बावन्न वर्षांत पहिल्यांदा हे शेत सोडतेय म्हणाल्या.

मी म्हटलं, मावशी, माफ करा. त्या म्हणाल्या, ‘तुमी न्हाय केलं, ताई. तुमच्या तोंडून झालं.’

दोन वाजून गेले असावेत

हात दुखतो आहे. चांगलं आहे. दुखू दे.

मी मोठ्याने तक्ता म्हणते आहे. तिबिलिसी शाळा आठ, दवाखाना सात. दा नांग समुद्र. पेनांग— पेनांगचं काय होतं? डोकं माझं राहावं म्हणून. मधूनच माझ्याच तोंडून दुसरं काही येतं. या जेवायला. या की. पान वाढलंय.

ओठ दाबून धरले. तरी आलं.

प्रेम दाराशी येऊन बसला आहे. त्याला म्हटलं, जा. तो म्हणाला, पाणी देतो फक्त, फटीतून. वही दे, तुला काहीतरी लिहून देतो म्हणाला. दिली. परत सरकवली.

त्याच्या अक्षरात, तक्त्याच्या खाली:

तिबिलिसी. माझं ठरलं. एप्रिलमध्ये तिघं जातोय. — प्रेम

आठ महिने वाट पाहिली या ओळीची मी.

नंतर

त्याने दार उघडलं.

मी हाक मारली म्हणून. मी हाक मारलेली मला ऐकू आली. प्रेम, जेवायला चल, असं रोजच्यासारखं. माझ्याच आवाजात. कडी वाजली. तो म्हणत होता, भूक लागली असेल तुला—

कुऱ्हाड त्याने स्वतःजवळ, दाराबाहेर ठेवली होती. पहिला घाव मानेवर. त्याने हात वर केले नाहीत. माझ्याकडेच बघत होता. दुसरा. मग मोजले नाहीत. उजव्या हाताने. चुरा झालेल्या. तो हात मिटला, दांड्याभोवती, बोटं कशीही वळलेली, तरी मिटला.

त्याला ओढत कोपीत नेलं. जड होता. पानावर बसवला. डोकं राहत नव्हतं, पेंढीला टेकवलं.

मामांना पण आणलं. ते आता श्वास घेत नाहीत.

प्रेम. प्रेम. प्रेम. माझं नाव दीपाली. मुलीचं मोनिका. नवऱ्याचं प्रेम. दीपाली. मोनिका.

उजेड आहे अजून

मोनू, हे तुझ्यासाठी आहे. मोठ्या अक्षरात लिहिते, दाराखालून सरकवते.

दार उघडू नकोस. मी हाक मारली तरी नको. मी रडले तरी नको. पडले, मरते आहे म्हटलं तरी नको. बाबाने उघडलं. तू उघडू नकोस. चुलीत काटक्या घालत राहा. काटक्या संपल्या तर शाळेची पुस्तकं घाल, आई रागावणार नाही. मावशीआजी माणसं घेऊन येते आहे. ती वाचली, तशी तू—

खिडकीतून धूर येतो आहे. म्हणजे आत आहेस. शहाणी माझी. त्या धुरावर चिडायचे मी. आता तोच बघत बसले आहे, पायरीवर, तुझ्या दाराबाहेर.

धूर कमी झाला गं. काटकी घाल. मोनू, घाल ना.

हात दुखत नाही आता. मुळीच दुखत नाही. मोनू, लवकर घाल—

लांबून माणसांचे आवाज येतायत, ज्वारीतून. येऊ देत. त्यांना बी आवतण हाय. पानं लई हायेत. समदे बसलेत गं माय, तुझा बाबा बी बसलाय, तुझ्यापायी थांबलेत. आंबील गार व्हायलीय. तू येवढी येकच ऱ्हायलीस. धूर न्हाय आता. दार उघड, म्या काय परका हाय का, म्या तुझी आई—